लढाई आपली नव्हती, पोरगा तर आपला होता ना

मुंबई-गोवा हायवेवरून कोकणात जाणारी निम्मी जनता माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकते, शिव्या घालते आणि सुटली की निघून जाते. त्या माणगावात तहसील ऑफिससमोर एक पुतळा आहे, नाईक यशवंत घाडगे यांचा. रायगडच्याच माणसांना विचारून बघा हे कोण, बरेच जण म्हणतील असतील कोणीतरी स्वातंत्र्यसैनिक. नाही हो. हा माणूस इंग्रजांच्या फौजेत होता, इटलीत जर्मनांशी लढताना मेला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक मिळालं.

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची एक कंपनी जर्मनांच्या पक्क्या ठाण्यावर चाल करून गेली. घाडगेंच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि ते स्वतः सोडून सेक्शनमधला एकूण एक जण मेला नाहीतर जखमी झाला. मग हा एकटाच त्या मशीनगनच्या अंगावर धावला, ग्रेनेड टाकून ती बंद पाडली, टॉमीगनने एकाला उडवलं, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून तीच टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच झोडपून मारलं. त्यानंतर स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जी जागा एकट्याने घेतली होती तिथेच तो गेला. मी मध्येच अरे-तुरेवर आलोय हे कळतंय मला, पण वय बघा ना, बावीस. माझ्या ओळखीतली बावीस वर्षांची पोरं अजून एमपीएससीचा फॉर्म भरू की नको यावर अडकलेली आहेत.

तर ही गोष्ट सांगितली की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, गोऱ्यांचे पगारी नोकर होते ते, त्यांचं कसलं कौतुक, इकडे चले जाव चालू होतं आणि हे तिकडे राजासाठी लढत होते. दुसऱ्यांना काही विचारायचंच नसतं, फोटोवर तिरंगा टाकतात, खाली अमर रहे लिहितात, वर सिंहाचा आवाज असलेलं म्युझिक, आणि झालं. (१९४४ ला तो तिरंगा त्याच्या खांद्यावर नव्हताच, पण जाऊ दे.) मला हे दोन्ही पटत नाही. पहिल्यांना लढाई आवडली नाही म्हणून ते माणसालाच वहीतून खोडतात, दुसऱ्यांना माणूस हवाय म्हणून ते लढाईच बदलून टाकतात. परदेशात मेलेल्या जवानाची आठवण ठेवायची असेल तर त्याला कोणी पाठवलं, कशासाठी पाठवलं आणि ते बरोबर होतं का, हे सगळं नावासकट सांगावं लागेल. अर्धं सांगायचं असेल तर गप्प बसलेलं बरं, असं माझं मत आहे.

आधी त्या पगारी नोकरवाल्यांचं बोलू. पगार होताच की. १९१४ ला साध्या शिपायाला महिन्याला ११ रुपये मिळायचे. कोकणातली वरकस जमीन, साताऱ्याकडची पावसाच्या भरवशावरची शेती, भावकीत वाटण्या होऊन उरलेले चार तुकडे, अशा घरातल्या पोरापुढे दोनच रस्ते असायचे, मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. मनीऑर्डर दोन्हीकडून यायची. गिरणीत गेला तो कामगार आणि पलटणीत गेला तो गद्दार, हा कुठला हिशोब? आणि त्या काळातल्या मोठ्या नेत्यांचं काय मत होतं तेही जरा बघा. १९१८ ला गांधीजी स्वतः खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून फौजेत भरती व्हा म्हणून सांगत होते. टिळकांचाही भरतीला विरोध नव्हता, त्यांचं म्हणणं होतं की आमची माणसं घ्या, पण त्यांना अधिकाराच्या जागा द्या. त्यांना वाटत होतं की लढलो तर पदरात काहीतरी पडेल. पडलं काय तर १९१९ ला रौलट कायदा आणि जालियनवाला. पण हे पुढचं, भरती होणाऱ्या पोराला ते कुठून कळणार.

आणि महार समाजाचं उदाहरण घेतलं तर हा पगारी शब्द अजूनच लंगडा पडतो. पूर्वी कंपनीच्या फौजेत महार मोठ्या संख्येने होते, बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते हे तर सगळ्यांना माहीत आहे. नंतर इंग्रजांनी लढवय्या जातींचं खूळ काढलं आणि महारांची भरतीच बंद केली. मग वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या चालल्या, पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागल्यावर १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ ला मोडून टाकली, काम झालं, निघा. परत १९४१ ला दुसऱ्या युद्धात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्याला फौजेत वर्दी होती, बंदूक होती, पोरांना शाळा होती. त्याने भरती होणं म्हणजे इंग्रजांची हुजरेगिरी, असं म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या आजोबांनी कोणाला विहिरीवर येऊ दिलं नव्हतं ते विचारून यावं.

आता ज्यांच्यासाठी ही पोरं मेली त्यांनी काय केलं बघा. इराकमध्ये बसऱ्याला पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे, ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा चाळीस हजारांहून जास्त लोकांचं. १९९७ पर्यंत ते बंदराजवळ होतं, मग सद्दामच्या हुकुमाने उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवलं. पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, अगदी साध्या सोल्जरचंसुद्धा. हिंदी पलटणींच्या पाट्यांवर मात्र अधिकाऱ्यांची आणि सुभेदार-जमादारांची नावं, आणि खाली, आणि इतर इतके हिंदी शिपाई. आकडा. नाईक, हवालदार, शिपाई सगळे त्या आकड्यात. त्यांची नावं एका पुस्तकात होती म्हणे, दगडावर नाही.

हे कोणी चिडून केलेले आरोप नाहीत, युद्धातल्या कबरी आणि स्मारकं बघणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ ला स्वतःच रिपोर्ट काढून कबूल केलंय. आशिया-आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांची नोंद गोऱ्यांपेक्षा कमी दर्जाने झाली, आणि निदान १,१६,००० जण, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, ज्यांची नावानिशी नोंदच नाही नाहीतर कसलीच नोंद नाही. त्यात पूर्व आफ्रिका आणि इजिप्तची माणसं सगळ्यात जास्त. त्यावर ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्याने पार्लमेंटमध्ये माफी मागितली. शंभर वर्षांनी. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ टेकडीवर एक छत्री आहे, तिथे ५३ हिंदू आणि शीख जवानांना अग्नी दिला होता, छत्री १९२१ ची, पण त्या ५३ जणांची नावं तिथे लागली ती २०१० ला. फ्रान्समध्ये न्यूव्ह-शापेलला मात्र १९२७ लाच साडेचार हजारांवर हिंदी जवानांची नावं कोरली होती. म्हणजे जमत होतं त्यांना. फ्रान्समध्ये जमलं, बसऱ्यात नाही जमलं.

बसऱ्याचं आपल्याला जास्त लागायला हवं, कारण तिकडे गेली होती ती पूना डिव्हिजन. सहावी डिव्हिजन. १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये ती इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरली, कशासाठी तर शेजारच्या इराणमधलं अबादानचं तेल सांभाळायला. मग सांभाळता सांभाळता बगदाद घ्यायची हाव सुटली, बगदादच्या अलीकडेच मार खाऊन मागे फिरले आणि वाटेतल्या कूत गावात अडकले. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ वेढा. धान्य संपलं, घोडे कापायला लागले, आपल्या पोरांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला, मग अजून भूक, स्कर्व्ही. २९ एप्रिलला तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या ताब्यात गेली आणि पुढे कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत कितीतरी मेली. जखमींची व्यवस्था इतकी भिकार होती की लंडनला चौकशी कमिशन नेमावं लागलं आणि १९१७ ला त्याचा रिपोर्ट आल्यावर ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. आता हे सगळं न सांगता नुसतं आमचे मराठे मेसोपोटेमियात (म्हणजे आजच्या इराकमध्ये) शौर्याने लढले एवढंच सांगितलं तर त्या पोरांवर अन्यायच आहे. शौर्य होतंच, ११७ व्या पलटणीला नंतर रॉयल किताब मिळाला तो उगाच नाही. पण ते तेलासाठी आणि एका जनरलच्या हावेसाठी उपाशी मेले हेही तितकंच खरं आहे, आणि त्यांच्या जागी मी असतो तर माझ्याबद्दल दुसरी गोष्ट आधी सांगितलेली मला आवडली असती.

इकडे आपल्या गावात काय आहे? कोकणात, साताऱ्याकडे, कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी बसवलेली असते. या गावातून इतकी माणसं महायुद्धात गेली, १९१४ ते १९१९, त्यापैकी इतकी मेली. बस. नावं नाहीत. बसऱ्याला आकडा आणि इकडेही आकडाच. साताऱ्याजवळ आपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे, नावातच मिलिटरी, तिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात मेले असं सांगतात आणि गाव ते आजही अभिमानाने जपतं. पण आपशिंगे अपवाद. बाकी ठिकाणी पाटीवर ऑइलपेंटचे थर चढलेत, कुठे त्यावर पल्स पोलिओचं पोस्टर, कुठे सरपंचाच्या कामाचा बोर्ड अर्धा तिच्यावर आलाय. दिल्लीत इंडिया गेटवर तेरा हजारांच्या वर नावं आहेत, पण त्या युद्धात देशातली सत्तर हजारांवर माणसं गेली होती, म्हणजे बहुतेकांना तिथेही जागा नाही. २०१९ ला राष्ट्रीय समर स्मारक झालं, चांगलं झालं, तिथे सव्वीस हजारांच्या आसपास नावं आहेत, ती स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची. म्हणजे यशवंत घाडगे तिथे नाही. त्याचं नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि २०२३ ला माँटोने नावाच्या छोट्या गावाने त्याच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं, सगळे एकाच सूर्याखाली राहतात अशा अर्थाचं लॅटिन वाक्य वर लिहून. इटलीतलं गाव. त्यांना काय पडलंय सांगा.

बरं, हे झालं इंग्रजांच्या काळातलं. पण स्वातंत्र्यानंतर आपण स्वतः पाठवलेल्यांचं तरी काय वेगळं केलंय?

कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया, वय २६, कांगोमध्ये एलिझाबेथविल शहरात ५ डिसेंबर १९६१ ला गेले. युनोच्या फौजेतून. १६ गुरखा जवान आणि एक रॉकेट लाँचर घेऊन नव्वदेक जणांच्या ठाण्यावर खुकरी घेऊन घुसले, चाळीस जण पाडले, मानेत गोळ्या लागल्या. परमवीर चक्र मिळालं. युनोच्या शांतिसेनेत जाऊन परमवीर मिळवणारा हा एकच माणूस. कांगो का पेटला, कटांगा प्रांतातल्या तांब्याच्या आणि युरेनियमच्या खाणी, बेल्जियमचे हितसंबंध, कांगोचा पहिला पंतप्रधान लुमुंबा याचा खून, हे आपल्याकडे एखाद्या ओळीतही येत नाही, नुसतं परदेशात तिरंग्याची शान. शांतिसेनेत आत्तापर्यंत भारताचे १६० हून जास्त जवान गेलेत. २०१३ च्या एप्रिलमध्ये दक्षिण सुदानमध्ये एका हल्ल्यात पाच गेले, २०२२ च्या जुलैत कांगोत बुटेम्बोला बीएसएफचे दोघे, तेही शत्रूसैन्याच्या हातून नाही तर युनोवर चिडलेल्या लोकांच्या हिंसक निदर्शनात. २९ मेला युनो मेडल देते. न्यूयॉर्कला अशा सगळ्यांच्या नावांची भिंत व्हावी हा २०२३ चा ठराव भारतानेच मांडला होता, १९० देशांनी पाठिंबा दिला. उत्तम. पण गावात त्या घराला लोक काय विचारतात, तिकडे डॉलरमध्ये पगार असतो ना? असतो थोडा जास्त. मग?

सगळ्यात अवघड मात्र श्रीलंका. २९ जुलै १९८७ ला भारत आणि श्रीलंकेचा करार झाला, भारताची स्वतःची शांतिसेना तिकडे गेली, आणि ऑक्टोबरमध्ये तीच फौज एलटीटीईशी, म्हणजे वेगळं तमिळ राष्ट्र मागणाऱ्या बंडखोरांशी लढायला लागली. ज्यांना आपल्याच यंत्रणांनी आधी ट्रेनिंग दिलं होतं त्यांच्याशी. जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानावर ऑक्टोबरच्या रात्री हेलिकॉप्टरने शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान उतरवले, खाली एलटीटीई वाटच बघत होती, २९ मेले आणि एक पकडला गेला. जाफन्याकडे पायी सरकणाऱ्या ब्रिगेडमध्ये पहिली मराठा लाइट इन्फंट्री होती, आपली जंगी पलटण. महार रेजिमेंटच्या पलटणी होत्या, आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारून गेले, परमवीर चक्र. अडीच-पावणेतीन वर्षांत बाराशेच्या आसपास जवान गेले. कारगिलच्या दुपटीपेक्षा जास्त! आणि मार्च १९९० ला उरलेली फौज मद्रास बंदरात उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत, जाणार नाही म्हणून सांगून आले नाहीत. तमिळांना मारून आलेली फौज असं त्यांचं म्हणणं होतं. त्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हतं असंही मी म्हणणार नाही, जाफन्यात सामान्य लोक मेले, हॉस्पिटलमध्येही मेले, ते आपण कधी धड तपासलं नाही. पण तो जवान काही कोलंबोत करारावर सही करायला बसला नव्हता.

श्रीलंकेचं कोणी का काढत नाही याचं उत्तर सोपं आहे. जिंकलो असं म्हणता येत नाही, आणि हरलो म्हणायची सवय नाही. ज्या पक्षाच्या सरकारने पाठवलं त्याला अडचण, ज्यांनी विरोध केला त्यांनाही फौजेविरुद्ध बोलल्यासारखं वाटतं म्हणून अडचण. कारगिल १९९९ ला टीव्हीवर होतं, पेट्या गावागावात आल्या, अख्खा तालुका रस्त्यावर उतरला, आणि तेव्हापासून ती पद्धत रुळली. १९८७ ला यातलं काहीच नव्हतं, तार यायची. कोलंबोजवळ श्रीलंका सरकारने आपल्या जवानांचं स्मारक बांधलंय, नावांसकट, काळ्या दगडावर, आणि आपले पंतप्रधान २०१५ ला तिथे जाऊन फुलं वाहून आले. आपल्याकडे मात्र कित्येक वर्षं त्या मोहिमेतले रिटायर्ड लोक आपापल्या खर्चाने दिल्लीला जमून स्वतःच पुष्पचक्र ठेवत होते, सरकारी बँड नाही की काही नाही.

आता एक आक्षेप आहे आणि तो मला खरंच रास्त वाटतो. काही मित्र म्हणतात, अरे तू जितक्या गोष्टी अशा रंगवून सांगशील तितकी पुढची पोरं भरतीच्या ग्राउंडवर जातील, मेलेल्यांची आठवण ही जिवंतांच्या भरतीची जाहिरात होते. होते. घाडगेची टॉमीगन मी वर सांगितली तेव्हा मलाही अंगावर काटा आला आणि त्यातच हा धोका आहे. पण मग उपाय काय, सांगायचंच नाही? त्यापेक्षा कूतची भूक सांगा, जाफन्याचं मैदान सांगा, तो ज्या दोघांना झोडपून मारत होता तीही कोणाची तरी पोरं होती हे सांगा. सोळा वर्षांच्या मुलाला हे कळतं, आपल्यालाच वाटतं त्याला फक्त सिंहाचं म्युझिक कळतं. आणि एकदा सगळं कळलं की तो पुढच्या वेळी कोणी फौज बाहेर पाठवा म्हणालं तर निदान कशाला हे तरी विचारेल. मला तर आठवण ठेवण्याचा हाच सगळ्यात मोठा उपयोग वाटतो, पुतळ्यापेक्षा.

करायला काय लागतं म्हणाल तर फार नाही. वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर दोन्ही युद्धांतल्या मृतांची यादी फुकट बघता येते, दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, बायकोचं नाव, गाव, जिल्हा असतो, स्पेलिंगं भयानक असतात, पण कुलाबा (रायगड जिल्ह्याचं जुनं नाव) नाहीतर रत्नागिरी टाकून शोधलं तर आडनावांवरून गावातला माणूस ओळखेल कोणाचं घर ते. ग्रामसभेत ठराव करून त्या संगमरवरी आकड्याखाली नावांची पाटी लावायला कोणाची परवानगी लागत नसावी, आणि लागलीच तर मागा. स्वातंत्र्यानंतरच्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे वीरपत्नींची यादी असतेच. १५ ऑगस्टला त्यांना नारळ-शाल देऊन स्टेजवर बसवतात आणि माइक आमदाराकडे देतात, एखाद वेळी उलटं करून बघा.

पहिल्या महायुद्धातून परत आलेल्यांना कोणी काही विचारलं नाही आणि ते तसेच गेले, त्यांची काही पत्रं उरलीत तीही सेन्सॉरने इंग्रजीत करून ठेवलेले तुकडे. श्रीलंकेचं अजून तसं झालेलं नाही. १९८७ ला वीस-बावीस वर्षांचा असलेला जवान आज साठीच्या आसपास आहे, फौजेच्या सीएसडी कॅन्टीनच्या रांगेत भेटतो, माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्यात शुगरची गोळी घ्यायला येतो, आणि शेजारच्या खंदकात कोण होता, त्याचं गाव कुठलं, जाताना तो काय बोलला हे त्याला सगळं पाठ आहे. आधी म्हणेल काय करायचंय आता. दोन-तीनदा जा. मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवा आणि मध्ये बोलू नका.